पिकअप किती, खरं सांगा

गेल्या अंकात शेवटच्या ओळीत मी सहज लिहून गेलो की स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढून शून्य ते शंभरचा टाइम सांगू नका, आणि मग काय, मेलबॉक्स ओसंडून वाहिला. अर्ध्या लोकांना राग आलाय, अर्ध्यांना खरंच शिकायचंय. म्हणून या वेळी टायमिंग आणि ड्रॅग (उभ्या गाडीने सरळ पट्टीवर पाव मैल पळायची शर्यत) सोडून दुसरं काही घेतलेलं नाही. मायलेजवाले आणि एसीतून वास येतोवाले, पुढच्या अंकापर्यंत थांबा.

दादा, माझी एक लिटर टर्बो हॅचबॅक आहे. मित्राने शेजारी बसून स्पीडोचा व्हिडिओ काढला त्यात ९.६ सेकंद आले, फोनच्या ॲपवर एकदा १०.२ आणि एकदा ११.१. आमच्या सोसायटीमागच्या नव्या रिंगरोडवर केलं. खरं कुठलं धरू? (चिंचवड)

एकही नाही. चिडू नका, ऐका.

स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतो, कारण नियमच असा आहे की तो खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, मग कंपन्या सेफ बाजूला राहतात. काटा शंभरवर गेला तेव्हा गाडी खरं म्हणजे ९५च्या आसपास असते आणि शेवटचे ते पाच किलोमीटरच सगळ्यात जास्त वेळ खातात, तिथेच तुमचा जवळजवळ एक सेकंद गायब झाला. वर मित्र शेजारी. सत्तर किलोचा मित्र म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, आणि तो खाऊनपिऊन असेल तर जास्तच.

फोनचं दुखणं वेगळं. साध्या फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतो. शंभरच्या स्पीडला गाडी एका सेकंदात २८ मीटर पुढे जाते, म्हणजे ॲपला मधलं काही दिसतच नाही, ते आपलं अंदाजाने भरतं. निघालात कधी तेही त्याला नीट कळत नाही. म्हणून एकदा १०.२ आणि एकदा ११.१. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, फक्त फोन जागा कधी झाला एवढाच फरक.

यासाठी वेगळा जीपीएस बॉक्स मिळतो, ड्रॅगी म्हणा, रेसबॉक्स म्हणा, पैसेवाल्यांसाठी व्हीबॉक्स. हे सेकंदाला किमान १० वेळा मोजतात. ग्रुपमध्ये चारजणांनी मिळून एक घ्या, रोज थोडीच लागतो. डॅशबोर्डवर काचेखाली नीट चिकटवायचा, हातात धरायचा नाही, आणि उघड्या आकाशाखाली पाच मिनिटं नुसता चालू ठेवायचा. सॅटेलाइट नीट पकडायच्या आधी घेतलेला रन म्हणजे ताप नसताना थर्मामीटर चहात बुडवण्यासारखं आहे.

आता उतार. यावर कोणी बोलत नाही आणि सगळी गंमत इथेच आहे. शंभर मीटरला एक मीटर उतार आपल्या डोळ्याला दिसत सुद्धा नाही, रस्ता सपाट आहे म्हणूनच आपण शपथ घेऊ. पण दहा सेकंदाच्या गाडीला तेवढा उतार तीन दशांश सेकंद फुकट देतो. चांगला बॉक्स रन संपल्यावर सुरुवातीची आणि शेवटची उंची दाखवतो, ती बघायचीच. आणि रन दोन्ही दिशांना करायचे, तीन इकडून तीन तिकडून, मग उतार आणि वारा दोघांचा हिशोब आपोआप मिटतो. सहातला सगळ्यात भारी आणि सगळ्यात वाईट सोडून द्या, राहिलेल्या चारची सरासरी हा तुमच्या गाडीचा टाइम. मला माहितीये, तुम्ही ग्रुपवर भारीवालाच टाकणार. टाका, पण वहीत सरासरी लिहा.

हो, वही. माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे, पेट्रोलचे डाग पडलेली, त्यात प्रत्येक रनपुढे तारीख, किती वाजले, टेंपरेचर, टाकीत किती पेट्रोल, चारही टायरची हवा असं लिहिलेलं आहे. मी एकदा बोनेटमध्ये तो उघडा, शंकूसारखा कोन एअर फिल्टर बसवला होता, आवाज असा मस्त की वाटलं गाडी उडते आता, आणि त्या दिवशी पहाटेचे रन खरंच चार दशांशने भारी आले. पंधरा दिवस गावभर सांगत फिरलो. मग वही चाळताना दिसलं की जुन्या फिल्टरचे रन सगळे दुपारी ३४ डिग्रीत घेतलेले आणि हे १६ डिग्रीत. जुना फिल्टर परत लावला, पहाटे गेलो, तर आणखी अर्धा दशांश कमी. तो कोन बिचारा बोनेटखालची गरम हवा ओढत होता. थंड हवा घट्ट असते, १६ आणि ३४ मध्ये जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक पडतो, इंजिनाला तेवढं खायला जास्त मिळतं. म्हणून एका दिवशी एकच गोष्ट बदला आणि दोन्ही रन एकाच हवेत घ्या.

रिंगरोडचं खाली नागपूरकरांना जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू.

सर, मित्र म्हणतो त्याच्या बॉक्सवर "रोलआउट" चालू केलं की टाइम अजून कमी येतो आणि तोच खरा इंटरनॅशनल टाइम. ही चीटिंग नाही का? (कोल्हापूर)

चीटिंग नाही, पण दोघांनी एकच पद्धत वापरली नाही तर भांडण पक्कं.

ड्रॅग स्ट्रिपवर सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत एक लाइटचा किरण असतो. पुढचं चाक तो अडवतं तेव्हा तुम्ही स्टेज झालात, आणि घड्याळ सुरू होतं ते चाक किरणातून बाहेर पडल्यावर. चाक गोल, त्यामुळे गाडी साधारण एक फूट पुढे सरकते तोवर घड्याळ झोपलेलंच असतं, हाच रोलआउट. पण तो पहिला फूट सगळ्यात हळू जातो, त्यात दोन-तीन दशांश सेकंद जातात. अमेरिकेतली मासिकं शून्य ते साठचे आकडे बरीच वर्षं असेच एक फूट वजा करून छापत आली. बॉक्समध्ये तेच बटण आहे. माझं मत विचाराल तर शून्य ते शंभर सांगताना रोलआउट बंद ठेवा, शून्य म्हणजे शून्य. स्ट्रिपवरच्या ४०२ मीटरच्या टाइमशी ताडून बघायचं असेल तेव्हाच चालू करा. आणि मित्राला विचारा, त्याची गाडी शंभरला सेकंड गिअरमध्येच पोचते का? काही गाड्यांचा सेकंड ९७-९८ला संपतो आणि नुसत्या त्या एका शिफ्टपायी तीन-चार दशांश जातात, काहींचा १०५ पर्यंत जातो. म्हणून मला शून्य ते शंभर हा आकडाच फारसा आवडत नाही. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जास्त प्रामाणिक.

भाऊ, समृद्धीवर पहाटे पाचला कुत्रं पण नसतं. तिथे एक रन मारला तर काय बिघडलं? (नागपूर)

कुत्रं नसतं हे तुम्ही म्हणताय, नीलगायीला कोणी विचारलंय?

समृद्धीवर कारला लिमिट १२० आहे आणि लागोपाठ कॅमेरे. आणि दुसऱ्या गाडीशी लावलीत तर लिमिटच्या आत राहूनही मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहेच, सार्वजनिक जागी परवानगीशिवाय गाड्यांमधली रेस किंवा स्पीडची ट्रायल, पहिल्यांदा सापडलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुमची इन्शुरन्स पॉलिसी काढून बघा, आत्ता काढा, त्यात वापराच्या मर्यादा म्हणून रकाना असतो, तिथे रेसिंगच्या जोडीला स्पीड टेस्टिंग हा शब्द छापलेला सापडेल. म्हणजे एकटेच मोजत होतात आणि ठोकली तरी क्लेम गेला. मागून येणारा ट्रकवाला रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, तुम्ही रस्त्यात उभे राहून लाँच मारताय हे त्याच्या स्वप्नात पण नसतं.

बंद जागा शोधा. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅगची स्पर्धा होते, ४०२ मीटर, नीट टायमिंग, ॲम्ब्युलन्स, स्क्रुटिनी. हेल्मेट लागतं, गाडी तपासून मगच सोडतात. एन्ट्री फी भरायला जिवावर येतं लोकांच्या, पण एका दिवसात जेवढं शिकाल तेवढं वर्षभर रिंगरोडवर नाही. फक्त लक्षात ठेवा, इन्शुरन्सचा तो रकाना तिथेही लागू आहे, गाडीला काही झालं तर खर्च आपला.

सर, माझी दीड लिटर टर्बो पेट्रोल सेडान, १५० पीएस, मॅन्युअल. धावपट्टीवर पहिल्यांदाच पळवली. स्लिपवर (टायमिंगच्या छापील चिठ्ठीवर) ४०२ मीटर १६.९ सेकंद, शेवटचा स्पीड १३८. सगळे म्हणतात स्टेज वन रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा मोकळा एक्झॉस्ट पाइप) टाक, १६ च्या खाली येईल. करू का? स्लिपचा फोटो जोडलाय. (सातारा)

फोटो जोडलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्याच कागदावर आहे. वरून दुसरी ओळ बघा, साठ फूट, म्हणजे पहिले सव्वाअठरा मीटर: २.७५. तुमचा आजार तिथे आहे. डाउनपाइपचे पैसे खिशात ठेवा.

दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. शेवटचा स्पीड सांगतो इंजिनात किती ताकद आहे, टाइम सांगतो ती तुम्ही जमिनीवर कशी उतरवली. एक जुना ढोबळ हिशोब आहे: गाडीचं तुमच्यासकट वजन किलोत घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढा आणि ७.६ ने गुणा, तो अंदाजे ४०२ मीटरचा टाइम. तुमची गाडी, तुम्ही, पेट्रोल धरून १३४० किलो धरले तर १५.८ येतं. स्पीडचा असाच हिशोब केला तर १३९. तुमचा १३८ आहे! म्हणजे इंजिन कंपनीने दिलंय ते सगळं देतंय, ते पण सहाशे मीटरच्या वर उंचीवर. टर्बो असल्यामुळे तुम्हाला उंची फार जाणवली नाही, साध्या इंजिनवाल्यांची तिथे सहाएक टक्के ताकद आणि दोन-तीन दशांश जातात. वरचा एक सेकंद गेला तो पहिल्या सव्वाअठरा मीटरमध्ये. अशा पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं साठ फूट २.३ ते २.४ यायला हवं. आणि सुरुवातीला वाचलेला एक दशांश शेवटी दीड-दोन दशांश होऊन मिळतो, कारण मग पूर्ण पट्टीभर तुम्ही थोडे पुढेच असता.

आता लाँच. तुम्ही लिहिलंय की ४५०० आरपीएमवर धरून क्लच सोडला आणि "टायर मस्त ओरडले". टायर ओरडले म्हणजे टाइम गेला. पुढच्या चाकाची गाडी निघाली की वजन मागे बसतं, नाक वर येतं आणि नेमकी जी चाकं ओढणार त्यांच्यावरचाच भार कमी होतो, त्यात तुम्ही ४५०० चा धक्का दिला. पुढच्या वेळी २५०० ने सुरू करा. क्लच फेकायचा नाही, अर्ध्यावर जिथे तो पकडतो तिथे क्षणभर धरायचा, गाडी हलली की पूर्ण सोडायचा, आणि ॲक्सिलेटर एकदम नाही, टर्बो जागा होतोय हे सीटमध्ये कळतं तसतसा. फिरली चाकं तर २२००, बोजा पडून इंजिन खाली बसलं तर २८००. तुमच्या गाडीचा आकडा तुम्हालाच सापडणार, मला इथे बसून नाही.

टायरची हवा पुढे २८, मागे कंपनीचीच किंवा दोन-तीन जास्त. रन संपला की परत भरायची, घाट उतरताना २८ वर नको. ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा बघा, काही गाड्यांत ते इतकं घाबरट असतं की इंजिनचा गळाच दाबतं. रेषेवर जायच्या आधी टायर हाताने पुसा, खरंच, नुसता तळवा फिरवा. धावपट्टीच्या कडेने आलात की बारीक खडी रबराला चिकटलेली असते, माझ्या हाताला एकदा बाजरीएवढे सात-आठ खडे लागले होते एका चाकाला. आणि लोकांचं बघून पाण्यात चाकं फिरवू नका, तो प्रकार स्लिक टायरचा, आपल्या रोडच्या टायरच्या खाचांत पाणी बसतं आणि रेषेवर नेमकं गळतं.

मग डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, त्या दिवशीपुरतं. टाकी पाव. ३५ लिटर पेट्रोल कमी म्हणजे २६ किलो, म्हणजे एक दशांश. पन्नास किलोला दोन दशांश असं धरून चाला, फुकट मिळतात. दोन रनच्या मध्ये बोनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं गाडी गार होऊ द्या, टर्बोचा इंटरकूलर तापला की लागोपाठ तिसरा रन हमखास हळू येतो आणि लोक म्हणतात क्लच गेला.

हे सगळं करून साठ फूट २.४ वर आलं की तुम्ही सोळाच्या जवळपास असाल. मग रीमॅपचं बघू. तेव्हाही आधी विचारा की तुमचा क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क सोसतो, वॉरंटीचं काय होणार, आणि कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेली गाडी पीयूसीला आणि आरटीओला कशी दाखवणार. मला रीमॅपचं वावडं नाही, केलंय मी पण. पण जो माणूस १५० घोडे जमिनीवर उतरवू शकत नाही त्याला १९० दिले तर टायर अजून मस्त ओरडतील एवढंच.

काका, जुनी होंडा व्हीटेक आहे, बाबांची. शिफ्ट करताना ॲक्सिलेटर सोडायचाच नाही असं एकाने शिकवलं. आणि गिअर आरपीएमच्या लिमिटरला लागेपर्यंत ताणू का? (रत्नागिरी)

बाबांची आहे ना? मग ॲक्सिलेटर सोड. एवढ्या जुन्या गाडीचे सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या रिंगा) तू तसे मारलेस तर वाचलेल्या एक-दोन दशांशाच्या बदल्यात गिअरबॉक्स उघडावा लागेल आणि पार्ट शोधत कुर्ला नाहीतर जुना बाजार. पाय नुसता उचलून लगेच ठेवायचा, क्लच पूर्ण दाबून.

ताणायचं किती ते इंजिनावर आहे. तुझ्या इंजिनाची मजाच वरच्या आरपीएमला आहे, त्यामुळे जिथे ताकद सगळ्यात जास्त मिळते त्याच्या थोडं पुढे जाऊन बदल, म्हणजे पुढचा गिअर पडल्यावर काटा जास्त खाली पडत नाही. लिमिटरला लागून गाडी अडखळली की मात्र तो रन गेला. टर्बोवाले वाचत असतील तर उलटं आहे, छोट्या टर्बोचा दम वर संपतो, नुसता आवाज राहतो, तिथे जरा आधीच बदलावा. बॉक्सवर दोन-तीन ठिकाणी बदलून बघ, कळेल. आणि आधी क्लच वायर, इंजिन माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्टचे बूट बघून घे. लाँचला खटकन आवाज येत असेल तर घरी जा.

एडिसनहून लिहितोय. इलेक्ट्रिक सेडान आहे, इथे मित्र ड्रॅग स्ट्रिपवर नेणार आहे. काही तयारी लागते का? (न्यू जर्सी)

तुमचं नशीब बघा, तुमच्या शेजारचं इंग्लिशटाउनचं ड्रॅग स्ट्रिप २०१८ ला ड्रॅगसाठी बंद झालं, नाहीतर चहा प्यायला जाऊन आला असतात. तयारी फारशी नाही. बॅटरी भरपूर चार्ज आणि गरम हवी, थंड बॅटरी पूर्ण ताकद देत नाही. लाँच काही शिकायचं नाही, दाबायचं आणि मान मागे टेकवून ठेवायची. एनएचआरए या तिथल्या ड्रॅग संघटनेच्या नियमाने १३.९९ किंवा त्याहून कमी टाइम आला की हेल्मेट सक्तीचं, आणि तुमची गाडी ते करेल, तेव्हा आधीच घेऊन जा. पुढच्या हाफमध्ये पेट्रोलवाला जवळ येतोय असं दिसेल, घाबरू नका, वरच्या स्पीडला इलेक्ट्रिकचा जोर उतरतो.

माझ्या साध्या १.२ मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर टाइम कमी होतो का? (नाशिक)

तुमच्या साध्या, रीमॅप न केलेल्या १.२ ला? नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉक (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात होणारी खटखट) न होण्याची सहनशक्ती. ज्या टर्बोचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उन्हाळ्यात नॉकच्या भीतीने स्पार्कचं टायमिंग मागे घेत असतो त्याला ९५ ने फरक पडतो. बाकीच्यांनी त्या पैशात मिसळ खावी, नाशकात आहात.

दादा, मी ड्रॅगवाली नाही, माझा नवरा आहे. गेल्या इव्हेंटला तो हरला आणि स्लिपवर त्याचा टाइम समोरच्यापेक्षा कमी. महिनाभर घरात हेच चाललंय की त्याला फसवलं. खरंच फसवलं का? (मुलुंड)

नाही हो ताई. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही स्लिप बघितल्या. त्यांचा टाइम १६.१०, समोरच्याचा १६.३५. पण वर एक बारीक आकडा आहे, रिॲक्शन, म्हणजे सुरुवातीचा हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ. तुमच्या यजमानांचा ०.७५, त्याचा ०.३५. ४०२ मीटरचं घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होतं, हिरव्याला तुम्ही डुलकी काढलीत तरी टाइम तोच येणार. पण शेवटच्या रेषेवर पहिला कोण हे हिरव्यापासून मोजतात. बेरीज करा, यांची १६.८५, त्याची १६.७०. तो पंधरा शतांशने आधी पोचला, यांची गाडी भारी असूनही.

उपाय बिनखर्चाचा आहे. हिरव्याची वाट बघायची नाही, शेवटचा पिवळा पेटताना दिसला की निघायचं, हिरवा दिसेपर्यंत थांबलं की उशीर झालेलाच असतो. फार घाई झाली तर लाल लागेल आणि बाद, म्हणून घरी सराव करा, फोनवर त्या सुरुवातीच्या लाइटच्या खांबाचे, ज्याला झाड म्हणतात त्याचे, फुकट ॲप आहेत. रात्री जेवणं झाली की तुम्ही दोघं खेळा, आणि तुमचा आकडा त्यांच्यापेक्षा कमी आला तर पुढच्या इव्हेंटला एन्ट्री तुमच्या नावाने भरा.